ड जीवनसत्त्वाची गोळी हृदयापर्यंत पोचते का?

परवा ताईने भाच्याचा रिपोर्ट पाठवला. वय बारा, वजन जास्त, ड जीवनसत्त्व कमी. खाली प्रश्न : "गोळ्या सुरू केल्यात. त्याच्या हृदयालाही फायदा होईल ना?" असा रिपोर्ट तुमच्याही घरात असू शकतो, म्हणून उत्तर इथेच लिहितो.

आधी हृदयाचं बघू. निरोगी हृदय घड्याळासारखं ठरलेल्या अंतराने ठोके देत नाही. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना संथ. हे मुख्यतः व्हेगस नावाची नस करते. या चढउताराला 'हार्ट रेट व्हेरिएबिलिटी' म्हणतात. लठ्ठ मुलांमध्ये तो अनेकदा कमी आढळतो. ड जीवनसत्त्वही कमी आढळतं. मग म्हणायचं, जीवनसत्त्व भरून काढा, हृदयाचं नियंत्रण सुधारेल! माझा आक्षेप या उडीवर आहे.

पहिला मुद्दा. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं. शरीर मोठं असेल तर ते जास्त जागेत पसरतं आणि रक्तात कमी दिसतं. 'प्लॉस मेडिसिन'मध्ये २०१३ साली सुमारे ४२,००० लोकांच्या जनुकीय माहितीवरचा अभ्यास आला. वजन वाढलं की ड कमी होतं, असं त्यात दिसलं. उलट दिशेचा परिणाम असलाच तर अगदी थोडा.

दुसरा मुद्दा मैदानाचा. बाहेर खेळणाऱ्या मुलाला ऊनही मिळतं आणि व्यायामही. मग श्रेय नक्की कुणाला द्यायचं?

तिसरा मुद्दा मोजमापाचा. पहिल्यांदा छातीला इलेक्ट्रोड लावले की मूल बावरतं. दुसऱ्या वेळी सरावलेलं असतं. तेवढ्यानेही आकडा बदलतो. म्हणून तुलनेचा गट नसलेल्या 'आधी आणि नंतर' अभ्यासांवर मी फारसा विसंबत नाही.

आता एक नीट केलेली चाचणी बघू. ती ठोक्यांची नाही, रक्तवाहिन्यांची आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अमेरिकन चाचणीत जास्त वजनाची आणि ड कमी असलेली, १० ते १८ वयाची २२५ मुलं होती. सहा महिने रोज ६००, १००० किंवा २००० युनिट दिले. मुख्य प्रश्न होता, जास्त मात्रेने रक्तवाहिन्या अधिक चांगल्या प्रसरण पावतात का? तसा फरक दिसला नाही. रक्तदाब आणि इन्सुलिनचं काम थोडं सुधारलं, पण ते दुय्यम मोजमाप होतं. त्यातून पुढचा प्रश्न मिळतो, औषधाची चिठ्ठी नाही.

म्हणून ताईला लिहिलं : कमतरता आहे तर गोळी दे, हाडांसाठी ती हवीच. पण डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. ६०,००० युनिटची पुडी रोज द्यायची नसते. अतिरेकाने रक्तातलं कॅल्शियम वाढतं. आणि हृदयासाठी म्हणशील, तर संध्याकाळचा क्लास एक तास पुढे ढकल आणि त्याला खेळायला सोड.

तिचं उत्तर आलं, "क्लासवाले ऐकणार नाहीत." यावर माझ्याकडेही गोळी नाही.