आमचा मोटारींचा कारखाना

आयुष्याची चौतीस वर्षं आम्ही बँकेच्या कर्जखात्यात बसून दुसऱ्यांच्या कारखान्यांतल्या चुका काढल्या. स्वतःचा कारखाना काढावा असं चुकूनही कधी मनात आलं नाही. एकतर चुका काढणाऱ्याला त्या करायची सवय नसते, आणि दुसरं म्हणजे आमच्या घरात भांडवल म्हणून जे काही होतं ते सौभाग्यवतींच्या डब्यात, डाळीच्या खाली असायचं. असा मी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मोटारी बनवणाऱ्या कंपनीचा सर्वेसर्वा झालो. कंपनी नातवाच्या कॉम्प्युटरवर होती, ही गोष्ट वेगळी.

झालं असं, की नातू सुट्टीला आला होता आणि त्याच्या खोलीतून रात्री बारा वाजता इंजिनाची घरघर ऐकू यायला लागली. आमच्या सोसायटीत रात्री घरघर होते ती पाण्याच्या पंपाची. म्हणून मी बघायला गेलो, तर साहेब पडद्यावर इंजिन चालवून बघत होते.

"आजोबा, झोपला नाहीत? या, तुम्हाला एक कंपनी काढून देतो."

इतक्या सहजपणे आमच्या बँकेनं पासबुकसुद्धा कधी कुणाला काढून दिलं नव्हतं.

या खेळाचं नाव 'ऑटोमेशन'. न्यूझीलंडच्या कॅमशाफ्ट सॉफ्टवेअर नावाच्या मंडळींनी तो बनवला. २०१५ साली स्टीम नावाच्या दुकानात त्यांनी तो विकायला ठेवला तो 'अजून पुरा व्हायचाय' अशी पाटी लावूनच. पुढं वर्षानुवर्षं बांधकाम चालू आणि लोक आत राहतायत, असा प्रकार. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. फरक इतकाच, की इथं बिल्डर अधूनमधून खरोखरच एखादी खोली वाढवून देतो.

डाव सुरू होतो १९४६ साली आणि चालतो २०२० पर्यंत. महायुद्ध संपलंय, लोकांना गाड्या हव्यात, आणि तुम्ही कंपनी काढलीय. देश सगळे काल्पनिक आहेत. गास्मिया, फ्रुइनिया, हेटव्हेशिया, दलुहा अशी त्यांची नावं. पाचव्याचं स्पेलिंग आपल्या पद्धतीनं वाचलं तर 'अर्चना' होतं. सूनबाईंच्या बहिणीचं नाव अर्चना असल्यामुळे मी तिथं माल पाठवायचं टाळलं. उगाच नात्यात व्यवहार नको.

कंपनीला 'गजानन मोटर्स' असं नाव दिलं आणि पहिल्या गाडीला 'इंद्रायणी'. नातू म्हणाला, "आता इंजिनाची फॅमिली ठरवा."

आमच्या पिढीत 'कुटुंब' या शब्दाचा अर्थ एकच होता आणि तो त्या वेळी स्वयंपाकघरात दुधाला विरजण लावत होता. इथं मात्र कुटुंब म्हणजे इंजिनाचा मूळ साचा. सिलिंडर एका रांगेत की इंग्रजी व्ही अक्षरासारखे, किती, त्यांचा व्यास केवढा, दट्ट्याची धाव किती, लोखंड की अॅल्युमिनियम, हे एकदा ठरवायचं. मग त्याच कुटुंबातून गरीब गाडीसाठी एक इंजिन, श्रीमंत गाडीसाठी दुसरं, असे भाऊ काढायचे. एकत्र कुटुंबपद्धतीचे फायदे मला या खेळानं जितके पटवून दिले तितके आमच्या तीर्थरूपांनाही पटवता आले नव्हते. एकाच भट्टीत, एकाच यंत्रावर सगळ्या भावंडांचं भागतं. प्रत्येकाची चूल वेगळी मांडली की दिवाळं!

इथपर्यंत हा खेळ अव्वल दर्जाचा आहे, हे मी परीक्षक म्हणून नमूद करतो. मी ताकद वाढावी म्हणून सिलिंडरातला दाब वाढवत नेला. खरे कारखानदार हे का करत नाहीत, असा मला प्रश्नच पडला होता. इंजिन चालवून बघितलं तर आलेख चढायच्या ऐवजी लाल सूचना झळकली.

"नॉकिंग होतंय आजोबा. १९४६ चं पेट्रोल हलकं आहे. एवढा दाब त्याला सोसत नाही."

आणि मला एकदम आमची जुनी फिएट आठवली. १९८९ साली मी ती तिसऱ्या हातानं घेतली होती. खंडाळ्याचा घाट चढताना ती आतून टकटक करायची आणि मी दर वेळी, कुणीतरी मागून काच वाजवतंय असं समजून वळून बघायचो. तीस-पस्तीस वर्षांनी मला कळलं, की ती टकटक कुणाची होती. जो खेळ माणसाला त्याच्याच गाडीचं दुखणं इतक्या उशिरा का होईना समजावून सांगतो, त्याला मी नावं ठेवणार नाही.

नावं ठेवायची ती गिऱ्हाइकाला. या खेळातलं गिऱ्हाईक ही एक अजब वल्ली आहे. ते आराम, सुरक्षितता, चालवायची सोय, टिकाऊपणा, दिमाख अशा प्रत्येक गोष्टीला मार्क देतं, त्यांची बेरीज करतं, किंमत बघतं आणि गाडी घेतं. कुटुंबाची गाडी घेणारा वेगळा, मालवाहू घेणारा वेगळा, शर्यतवाला वेगळा. सगळे मात्र आपापल्या परीनं शहाणे. मी चौतीस वर्षांत असं एकही गिऱ्हाईक पाहिलं नाही. आमच्या शेजाऱ्यांनी गाडी घेतली ती मेव्हण्यानं घेतली म्हणून, आणि रंग निवडला तो मेव्हण्याच्या गाडीचा नव्हता म्हणून. यात टिकाऊपणाला किती मार्क दिले, सांगा बघू!

खुद्द अमेरिकेत फोर्ड कंपनीनं लोकांची आवडनिवड तपासून, भरपूर गाजावाजा करून १९५७ साली 'एडसेल' नावाची गाडी बाजारात आणली. आकडे सगळे बरोबर होते, पण लोकांना ती आवडली नाही. १९५९ साली गाडी बंद. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तो आधी कुणी घेईना. का? तर लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. 'जमीन नासते' हा रकाना या खेळात कुठंच नाही. त्यामुळे इथं माल पडून राहिला तर दोष नेहमी मालाचा असतो. लोकांच्या डोक्यात काय आहे याचा नसतो. खऱ्या धंद्यातली निम्मी धाकधूक इथं गायब आहे.

दुसरी उणीव परवान्याची. माझ्या तरुणपणी मोटार काढायची म्हणजे आधी दिल्लीला जाऊन 'किती काढू' असं विचारावं लागे. १९९३ साली मोटारींवरचा तो परवाना गेला. तोवर कारखाना गिऱ्हाईक शोधत नसे, गिऱ्हाईकच पैसे भरून कारखान्याची वाट बघत असे. खेळात मी हवा तेवढा कारखाना वाढवू शकलो, आणि गंमत म्हणजे त्यानंच बुडालो. मनाई करायला कुणी नसलं की माणूस किती मूर्खपणा करू शकतो, हे कळायला परवाना जावाच लागतो.

तिसरी उणीव कामगारांची. इथं कामगार म्हणजे खर्चाच्या बाजूचा एक आकडा. हेन्री फोर्डनं १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात गाडी सरकत्या साखळीवर बांधायला घेतली. बारा तासांहून जास्त लागायचे ते काम पुढच्या वर्षी दीड तासावर आलं. पण दिवसभर एकच बोल्ट पिळून माणसं कंटाळली आणि भराभर सोडून गेली. मग जानेवारी १९१४ मध्ये फोर्डनं दिवसाला पाच डॉलर पगार जाहीर केला आणि पाळी आठ तासांची केली. माणसाला कंटाळा येतो, ही एवढी मोठी औद्योगिक घटना, पण 'गजानन मोटर्स'मध्ये कुणालाच कधी कंटाळा आला नाही. मला आला, पण माझी नोंद घेणारं कुणी नव्हतं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. इतका वेळ त्याला बगल देत होतो, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलंच असेल.

'इंद्रायणी' कागदावर तयार झाली. मी म्हटलं, "चला, उद्यापासून विक्री."

"उद्या कुठली आजोबा? आता तिची जुळणी, मग कारखान्यात साचे बसवायचे. चौदा महिने."

"आणि तोवर?"

"तोवर पैसे जाणार. येणार काहीच नाही."

मी बघत बसलो. महिना गेला, पैसे गेले. दुसरा गेला, आणखी गेले. चूक कुठंच नव्हती. इंजिन चांगलं, गाडी चांगली, बाजारात मागणी. फक्त मधला काळ होता, आणि त्या काळात तिजोरीला भोक पडल्यासारखं झालं होतं. सातव्या महिन्यात मला घाम फुटला आणि एकदम भोसरीचा एक माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला.

१९८४ ची गोष्ट. गाड्यांचे सायलेन्सर बनवायचे म्हणून तो कर्ज मागायला आला होता. पांढरा शर्ट, खिशाला तेलाचा डाग, हातात कागदात गुंडाळलेला नमुना. तो नमुना त्यानं माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा खालच्या फायलीला डाग पडेल म्हणून मी तो उचलायला लावला. म्हणाला, "साहेब, डाय बनवायला आठ महिने लागतील. एकदा डाय बसली की माल सुटेल. तेवढे आठ महिने सांभाळून घ्या."

मी फायलीवर शेरा मारला : 'पहिले आठ महिने विक्री शून्य. प्रस्ताव व्यवहार्य वाटत नाही.' इंग्रजीत मारला होता, त्यामुळे जास्त वजनदार दिसत होता. साहेबांनी माझ्या बारकाईचं कौतुकही केलं. त्या माणसानं नमुना पुन्हा कागदात गुंडाळला, नमस्कार केला आणि गेला. पुढं त्याचं काय झालं, मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही.

डाय बनायला आठ महिने लागतात, ही त्या माणसाची चूक नव्हती. तो लोखंडाचा स्वभाव होता. हे मला चौतीस वर्षांच्या नोकरीत, दोन खात्यांतर्गत परीक्षांत आणि एका प्रशिक्षणवर्गात कुणी शिकवलं नाही. ते शिकवलं न्यूझीलंडच्या पोरांनी केलेल्या खेळानं, रात्री साडेबारा वाजता.

म्हणून माझी शिफारस अशी : कर्जखात्यात नेमणूक होणाऱ्या प्रत्येकाला हा खेळ पंधरा दिवस सक्तीनं खेळायला लावावा. गिऱ्हाईक खोटं असलं, कामगार मुके असले, तरी वेळेचा हिशेब खरा आहे. आजचा निर्णय दोन वर्षांनी फळतो आणि तोवर घर चालवावं लागतं, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. आमच्या लहानपणीच्या 'व्यापार'मध्ये फासा टाकला की मुंबई आपली व्हायची. घर बांधायला एक मिनिट लागायचं आणि भाडं पुढच्याच फेरीत मिळायचं. मला वाटतं, आमच्या पिढीतले पुष्कळ बँकवाले 'व्यापार' खेळूनच मोठे झाले.

शेवटी 'इंद्रायणी' बाहेर पडली. नातवानं तिची पहिली प्रत उचलून 'बीमएनजी' नावाच्या दुसऱ्या खेळात नेली. तशी सोय आहे. तिथं गाडी खरी चालवता येते. मला वाटलं, नारळ वगैरे फोडेल. त्यानं ती ताशी शंभरच्या वेगानं भिंतीवर नेऊन फोडली. बॉनेटची घडी काचेपर्यंत आली. "बघा, किती मस्त चेपते!" असं म्हणून त्यानं आणखी तीन फोडल्या. मालकाला इतकं दुःख देणारी चाचणी मी पाहिली नाही.

गाडी खपली, पण मी आशेनं कारखाना दुप्पट केला होता. तिसऱ्या वर्षी पैसे संपले. नातू म्हणाला, "काळजी नको आजोबा. मागचा डाव सेव्ह केलेला आहे. कारखाना वाढवायच्या आधी जाऊ आणि नीट खेळू."

या खेळाविरुद्ध माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. वेळ खरा दाखवायचा आणि मग तो परत फिरवायची सोयही द्यायची! भोसरीच्या माणसाला अशी सोय नव्हती. तशी मलाही नाही. नाहीतर मी १९८४ च्या त्या दुपारी परत गेलो असतो, टेबलावरची फाईल बाजूला सारली असती आणि म्हटलं असतं, "ठेवा तो नमुना इथं. डाग पडला तर पडू दे."

मी नातवाला म्हटलं, "नको. राहू दे बुडालेली."

तो माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात सौभाग्यवती दारात आल्या. पडद्यावरची लाल अक्षरं त्यांनी चष्मा न लावताच वाचली.

"अहो, बुडाली ना एकदाची? मग झोपा आता. सकाळी पाणी सहालाच जातं."