बोलणे आणि लिहिणे

‘बोलता तसेच लिहा,’ असा उपदेश नवशिक्या लेखकांस वारंवार केला जातो. अवजड आणि पुस्तकी भाषेस कंटाळलेल्या रसिकांनी तो करावा हे स्वाभाविक आहे, आणि उसन्या अलंकारांचे ओझे उतरविण्यापुरता तो हितकरही आहे. तथापि लिहिणे म्हणजे बोललेलेच अक्षरांत उतरविणे, असे जे गृहीत या उपदेशाच्या मुळाशी आहे, ते आम्हांस मान्य नाही.

बोलणे मुलास कोणी मुद्दाम शिकवीत नाही. घरातील माणसांत वावरता वावरता ते त्यास येते. लिहिणे मात्र शिकवावे लागते. बाजारात हरवलेल्या शेळीची हकीकत ऐकणाऱ्यांस खिळवून ठेवील अशा रीतीने सांगणारा मुलगा, तीच हकीकत वहीत लिहावयास बसला की चार वाक्यांत आटोपतो. त्यावरून त्याच्या बुद्धीविषयी निर्णय देणारे आपण, त्याच्यापुढे कोणते नवे काम टाकले आहे याचा विचार क्वचितच करतो.

या कामातील वरवरच्या अडचणी सर्वांस दिसतात. आपली लिपी उच्चारास धरून आहे असे आपण अभिमानाने सांगतो. पण ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील पहिले अक्षर कागदावर एकच असले, तरी मुखात ते दोन निराळ्या स्थानी उमटते. ‘घर’ यातील अंत्य अकार आपण लिहितो, उच्चारीत नाही. १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांनी पुष्कळ जुने अनुस्वार काढून टाकले, तरी मुलाच्या तोंडचे ‘केलं’ निबंधात ‘केले’ व्हावे लागते ते लागतेच. हे सारे शिकविले पाहिजे यात संशय नाही. परंतु एवढे शिकविले म्हणजे लिहिणे शिकविले, ही समजूत चुकीची होय.

खरा भेद निराळाच आहे. बोलणारा कधी एकटा नसतो. ऐकणाराच्या कपाळास आठी पडली की तो मागे वळून पुन्हा सांगतो, ‘तो’ म्हणताना बोट दाखवितो, ‘कळलं ना?’ असे विचारून पुढे जातो. सांगण्याचे निम्मे काम असे ऐकणाराच करीत असतो. लिहिणाऱ्यापुढे कोरा कागद असतो. ‘तो’ म्हणजे कोण, ‘तिकडे’ म्हणजे कोठे, ‘मग’ म्हणजे केव्हा, हे विचारावयास तेथे कोणी नाही. कोणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन ठेवणे, ही लेखनाची विद्या होय. आणि ती बोलण्यातून आपोआप येत नाही.

मराठी गद्याच्या आरंभीच या विद्येचा उत्तम नमुना आपणांस लाभला आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी, ज्यांनी त्यांस पाहिले आणि ऐकले होते त्यांच्याकडून मिळवून, ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. वाक्ये लहान, संवाद जिवंत, बोलण्याचा ओघ सर्वत्र खळाळणारा. म्हणून ते नुसते टिपलेले बोलणे आहे काय? मुळीच नाही. प्रसंग कोठला, जवळ कोण होते, कोणी काय विचारले, हे अल्पाक्षरांत सांगून मगच उत्तर येते. सात शतकांनंतरचा, तेथे कधीही नसलेला वाचक त्या मंडळीत जाऊन बसू शकतो, तो या तजविजीमुळेच.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. तरी घरशेतीची कामे करता करता त्यांनी रचलेली गाणी मराठी काव्याचे भूषण ठरली. भाषेवरील प्रभुत्व आणि अक्षरज्ञान या भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांच्या उदाहरणाने कायमचे सिद्ध झाले. परंतु त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने निघाली, ती पुत्र सोपानदेव आणि दुसरे एक आप्त यांनी वेळोवेळी टिपून ठेवली म्हणून. जी टिपली गेली नाहीत ती त्यांच्याबरोबरच गेली. ज्यास लिहिता येत नाही त्याचे शब्द दुसऱ्याच्या आस्थेवर अवलंबून राहतात, आणि अशी आस्था प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही. मुलास लिहावयास शिकविणे हे म्हणूनच आम्ही केवळ परीक्षेचे काम मानीत नाही.

तेव्हा ‘बोलता तसेच लिहा’ याऐवजी ‘तेथे नसलेल्यासाठी लिहा’ असे सांगावे, अशी आमची सूचना आहे. मुलास हकीकत आधी तोंडाने सांगू द्यावी, मग लिहू द्यावी. आणि ती वही, ज्याने ती हकीकत ऐकली नाही अशा सोबत्याच्या हाती द्यावी. तो जेथे अडेल तेथे, आपण काय सांगावयाचे राहिलो, हे मुलास आपोआप कळेल. ‘केलं’चे ‘केले’ त्यानंतर सावकाश करता येईल. पहिल्याच ओळीवर तांबडी रेघ ओढली, तर पुष्कळदा शेळीची गोष्टच हरवते.