सूझा यांच्या वस्तुचित्रांतील मासा आणि पाव

अभिव्यक्तिवादी चित्रकलेचा विचार करताना आपले लक्ष प्रामुख्याने मानवी चेहऱ्यावर व देहावर खिळते. वस्तुचित्र, अर्थात स्टिल लाइफ, मागे राहते. फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२) यांच्या बाबतीतही त्यांनी रंगविलेल्या विद्रूप मुखांची चर्चा विपुल झाली. टेबलावरील मासा, पाव व भांडी यांची त्या मानाने अल्प. वर्गात ही वस्तुचित्रे दाखविताना आपणही बहुधा ‘मासा म्हणजे ख्रिस्त, पाव म्हणजे ख्रिस्तशरीर’ असे सांगून मोकळे होतो. हे वाचन चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रतीकार्थाला आधार निश्चितच आहे. गोव्यातील साळगावी कॅथलिक कुटुंबात जन्मलेल्या सूझा यांनी चर्चच्या वैभवाचा बालमनावर पडलेला प्रभाव स्वतःच लिहून ठेवला आहे. त्यांच्या वस्तुचित्रांतील पात्रे अनेकदा वेदीवरील चषकांसारखी ताठ उभी असतात. तथापि त्यांच्या शेजारचा मासा हा गोव्याच्या शीत-कडीतलाही मासा आहे. सूझा तान्हे असतानाच वडील वारले. आईने मुंबईत शिवणकाम करून चरितार्थ चालविला. अशा घरात ताटातले अन्न गृहीत धरता येत नाही.

येथे शाइम सुतिन (१८९३–१९४३) यांच्याशी तुलना उद्बोधक ठरते. पॅरिसमध्ये दारिद्र्य भोगणाऱ्या सुतिन यांनी १९१६ च्या सुमारास हेरिंग माशांचे चित्र रंगविले. त्यातील बशीवर रोखलेले दोन काटे भुकेल्या हातांसारखे भासतात. तेथे मासा निमूट आहे. भूक बाहेरून येते. सूझा यांच्या जाड काळ्या रेषेत मात्र मासाच काटेरी होतो. तो खाल्ला जाण्यास राजी दिसत नाही. तीच रेषा चषकालाही वेढते. त्यामुळे स्वयंपाकघर आणि वेदी यांत उच्चनीच भाव उरत नाही. सूझा यांच्या वस्तुचित्रांचे खरे सामर्थ्य या समतेत आहे. अर्थात, जेथे ही रेषा सवयीने ओढली जाते, तेथे अन्न नाहीसे होऊन केवळ शैली उरते, हेही नमूद केले पाहिजे.

पाच भाकरी व दोन मासे यांची बायबलमधील कथा मुळात भुकेल्या जमावाची कथा आहे. प्रतीक अन्नातून उगवते. अन्न प्रतीकासाठी जन्मत नाही. बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यासारख्या गावांतून नवी मुंबईच्या महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थ्याला मासा प्रथम जाळ्यात, टोपलीत आणि ताटात भेटतो. ‘मासा म्हणजे ख्रिस्त’ हे उत्तर त्याला आधीच दिले, तर त्याचे स्वतःचे ज्ञान आपण निरुपयोगी ठरवितो. सूझा यांच्या चित्रासमोर त्याला प्रथम मासा पाहू द्यावा. वेदीपर्यंतची वाट त्याला तेथूनच अधिक स्पष्ट दिसेल.