शय्यामूत्र आणि मूत्रातील निदर्शके : एक परीक्षण

पाच वर्षे पूर्ण झाल्यावरही झोपेत अंथरूण ओले करणाऱ्या मुलांच्या मूत्राशयाची प्रकृती मूत्रातील एखाद्या द्रव्यावरून ओळखता येईल काय, हा प्रश्न अलीकडे संशोधकांनी हाती घेतला आहे. या द्रव्यांत मज्जातंतूंच्या वाढीस कारण होणाऱ्या प्रथिनाचा, म्हणजे एनजीएफचा, उल्लेख विशेष होतो. या प्रथिनाच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना 1986 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मूत्राशय अतिचंचल असलेल्या मुलांत त्याचे प्रमाण वाढलेले काही अभ्यासांत आढळले आहे. मूत्राशयात नळी घालून दाब मोजण्याच्या त्रासातून मुलाची सुटका व्हावी, हा या संशोधनामागील हेतू निःसंशय स्तुत्य होय.

तथापि या मतावर तीन आक्षेप येतात. पहिला मापनाचा. हे प्रथिन मूत्रात अत्यल्प असते; त्यामुळे ते क्रिएटिनीनच्या प्रमाणात सांगण्याचा प्रघात आहे. परंतु क्रिएटिनीन स्नायूंच्या वस्तुमानावर अवलंबून असते. लहान मुलात ते कमी, म्हणून गुणोत्तर आपोआपच मोठे दिसते. समवयस्क निरोगी मुलांशी तुलना केल्यावाचून अशा आकड्यांना अर्थ उरत नाही. दुसरा आक्षेप काळाचा. हा विकार पुष्कळ मुलांत वयाबरोबर आपोआप ओसरतो. तेव्हा उपचारानंतर निदर्शक उतरला, एवढ्यावरून तो उपचाराचा गुण ठरत नाही.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथील संशोधकांनी 1989 साली दाखविले की, अशा काही मुलांत व्हॅसोप्रेसिन या अंतःस्रावाची रात्री होणारी वाढ होत नाही व मूत्र अधिक तयार होते. तेथे दोष मूत्राशयाचा नसतोच. मग केवळ मूत्राशयाचे निदर्शक सर्व मुलांची वर्गवारी कशी करणार?

वर्धा जिल्ह्यातील देवळीसारख्या तालुक्याच्या गावी या विवेचनाला व्यावहारिक महत्त्व येते. जवळच सेवाग्रामला 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु देवळीच्या घरातील आईला प्रयोगशाळेआधी हवे असते ते एक मापाचे भांडे व एक वही. वयात एक मिळवून तिसाने गुणले की मूत्राशयाची अपेक्षित धारणशक्ती मिलिलिटरमध्ये मिळते. सात वर्षांच्या मुलाची ती 240 भरते. दिवसा होणाऱ्या लघवीचे माप, ओल्या रात्रींची नोंद, बद्धकोष्ठाची चौकशी आणि साखर व जंतुसंसर्ग यांसाठी लघवीची साधी तपासणी, एवढ्याने उपचाराची दिशा बहुधा ठरते.

निदर्शकाची खरी कसोटी एकच : त्याच्यामुळे मुलाच्या उपचारात काही फरक पडतो काय? अद्याप त्याचे होकारार्थी उत्तर मिळालेले नाही. मूल हे मुद्दाम करीत नाही, हे मात्र निश्चित ठरले आहे. ज्या घरात सकाळी ओल्या गोधडीबद्दल मुलाला मार बसतो, तेथे हे ज्ञान आधी पोहोचणे अगत्याचे आहे.