मनोविकारांचे चित्रण आणि किशोरवयीन प्रेक्षक : 'देवराई' व 'कासव'

मनोविकारावरील चित्रपट मुलांना दाखवावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा विषय पाहूनच निकालात काढला जातो. 'विषय जड आहे' एवढे म्हटले की चर्चा संपते. प्रस्तुत टिपणाचे म्हणणे असे की, ही योग्यायोग्यता विषयावरून नव्हे, तर कॅमेरा कशावर रेंगाळतो यावरून ठरवावयास हवी. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचे दोन चित्रपट या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

'देवराई'तील (२००४) शेष (अतुल कुलकर्णी) स्किझोफ्रेनियाने ग्रस्त आहे. त्याचे भास प्रेक्षकालाही सोसावे लागतात. हा अनुभव अस्वस्थ करतो, हे खरेच. परंतु हिंदी-मराठी चित्रपटांनी 'वेडा' हे पात्र वर्षानुवर्षे हशा पिकविण्यासाठी राबविले, त्या हशापेक्षा ही अस्वस्थता शाळकरी मुलास कमी अपायकारक होय. शेषला सांभाळताना त्याच्या बहिणीची (सोनाली कुलकर्णी) होणारी ओढाताणही येथे झाकलेली नाही. ज्याच्या घरी असा रुग्ण आहे, त्या मुलाला आपलेच घर पडद्यावर भेटते.

'कासव'ची वाट अधिक निसरडी आहे. ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेल्या या चित्रपटाचा नायक (आलोक राजवाडे) आत्महत्येचा प्रयत्न केलेला तरुण आहे. मात्र दिग्दर्शकांचा भर त्या कृतीवर नसून नंतरच्या दिवसांवर आहे. जेवण, झोप, समुद्र आणि स्वतः नैराश्य भोगलेल्या जानकीने (इरावती हर्षे) न विचारलेले प्रश्न यांतून तो हळूहळू सावरतो. याउलट '१३ रीझन्स व्हाय' (२०१७) या अमेरिकी मालिकेने नायिकेची आत्महत्या सविस्तर दाखविली. तज्ज्ञांच्या टीकेनंतर नेटफ्लिक्सला जुलै २०१९ मध्ये ते दृश्य वगळावे लागले. विषय एकच, परिणाम मात्र निराळे!

२०२३ च्या कायदादुरुस्तीने 'यूए' प्रमाणपत्राचे ७, १३ व १६ वर्षे असे टप्पे पाडले, हे स्वागतार्हच. तथापि असा भेद वयाच्या आकड्यात कितपत मावेल, याविषयी शंका वाटते.

'कासव'विषयी एक तक्रार नोंदविणे भाग आहे. जानकीची माया मनावर जितकी ठसते, तितके औषधोपचार ठसत नाहीत. समुद्राकाठचे असे घर व अशी जानकी किती मुलांच्या वाट्याला येणार? जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचे दार त्यांना ठळकपणे दिसावयास हवे होते.