मौनाचें वक्तृत्व

वक्तृत्वाचें परीक्षण करावयाचें म्हणजे वक्त्याचे शब्द तपासावयाचे, याच समजुतीनें आम्ही कित्येक वर्षें वर्गांत बर्कचीं भाषणें शिकवीत आलों. गेल्या सत्रांत एका विद्यार्थ्यानें या समजुतीला धक्का दिला. एक अमेरिकन भाषण आम्ही वर्गास ऐकविलें व त्याची मनापासून वाखाणणी केली. तेव्हां तो उठून म्हणाला, "सर, भाषण इतकें चांगलें होतें, तर कायदा कां झाला नाहीं?" या प्रश्नाचें ऋण अंशतः तरी फेडावें, म्हणून हा लेख.

१४ फेब्रुवारी २०१८ रोजीं फ्लॉरिडा राज्यांतील पार्कलंड गांवीं, मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कुलांत, तेथल्याच एका माजी विद्यार्थ्यानें गोळीबार केला. त्यांत १४ विद्यार्थी व ३ शाळासेवक असे १७ जण ठार झाले. मारेकऱ्याचें वय १९ वर्षांचें. त्याची बंदूक रीतसर विकत घेतलेली. या घटनेंतून वांचलेल्यांपैकीं एक्स गोन्झालेझ (त्या वेळचें नांव एमा) यांचीं दोन भाषणें हा आमचा विषय होय.

पहिलें भाषण तीनच दिवसांनीं, १७ फेब्रुवारीस, फोर्ट लॉडरडेल येथें झालें. हातांत टिपणाचे कागद, डोळ्यांत अश्रु आणि आवाजांत संताप! रचनेच्या दृष्टीनें तें सदोष आहे. युक्तिवाद एकमेकांवर आदळतात. ऑस्ट्रेलियांतील पोर्ट आर्थरचें हत्याकांड १९९६ सालचें, तें येथें १९९९ सालीं घातलें गेलें आहे. शेवटीं पुढाऱ्यांची एकेक सबब घेऊन तिच्यावर एकच ग्राम्य शब्द फेकिला आहे, आणि तो जमावाकडूनहि वदविला आहे. ग्राम्यता हा दोष खरा. परंतु औचित्य असेल तेथें दोषहि गुण होतो, असें आपल्या आलंकारिकांनींच सांगून ठेविलें आहे. शोक हा करुणाचा स्थायीभाव व क्रोध हा रौद्राचा. ज्या मुलांचा शोक पुढारी केवळ प्रार्थनेच्या शब्दांनीं शांत करूं पाहतात, त्यांच्या तोंडीं करुण टिकतच नाहीं. तो रौद्रांत जातो. हें संक्रमण या भाषणांत प्रत्यक्ष दिसतें, आणि तेंच त्याचें बळ.

दुसरें भाषण २४ मार्चचें, वॉशिंग्टन येथील प्रचंड मोर्चापुढील. आरंभींच त्यांनीं सांगितलें कीं, सारा संहार ६ मिनिटें व सुमारें २० सेकंदांत उरकला. मग मृतांचीं नांवें घेतलीं. कोण आतां काय कधींच करणार नाहीं, हें एकेका लहानशा वाक्यांत सांगितलें. आणि मौन धरिलें. श्रोते गोंधळले. कोणी टाळ्या वाजविल्या, कोणी घोषणा दिल्या, कोणी रडूं लागले. चार मिनिटांहून अधिक काळ असा गेला. मग घड्याळाची खूण वाजली आणि कळलें कीं, व्यासपीठावर आल्यापासून तितकींच ६ मिनिटें २० सेकंद झालीं होतीं.

आनंदवर्धनानें ध्वनीस काव्याचा आत्मा म्हटलें. पण ध्वनीला वाच्यार्थाचा आधार लागतो, हेंहि त्याच विचारांत अभिप्रेत आहे. आधीं तीं नांवें नसतीं तर हें मौन केवळ खोळंबा ठरलें असतें. आरंभीं जो आंकडा श्रोत्यांनीं माहिती म्हणून ऐकिला, तोच शेवटीं त्यांच्या अंगावरून गेला. सांत्वनाचे शब्द पुढाऱ्यांनीं वापरून वापरून गुळगुळीत केले होते. न वापरलेली अशी एकच भाषा उरली होती, आणि तिची योजना अठरा वर्षांच्या मुखानें केली.

आतां विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. २०१२ सालीं सॅण्डी हुक येथील शाळेंत २० बालकें व ६ प्रौढ मारले गेले. तरी एप्रिल २०१३ मध्यें खरेदीदारांच्या तपासणीचा प्रस्ताव सिनेटमध्यें ५४ मतें मिळूनहि पडला, कारण ६० मतें हवीं होतीं. पार्कलंडनंतर फ्लॉरिडानें ९ मार्च २०१८ रोजीं बंदूकखरेदीचें वय २१ केलें, हें न्यायबुद्धीनें नमूद केलें पाहिजे. मात्र २०१९ सालीं प्रतिनिधिगृहानें संमत केलेलें तपासणीचें विधेयक सिनेटनें मतासहि घेतलें नाहीं. जून २०२२ मध्यें मध्यवर्ती कायदा झाला तो मर्यादितच, आणि तोहि युव्हाल्डी येथें १९ मुलें व २ शिक्षिका बळी पडल्यावर. म्हणजे भाषण कमी पडलें असें नव्हे. बहुमत असूनहि जेथें प्रस्ताव पडतो, तेथें मनें वळविणें पुरेसें होत नाहीं. वक्तृत्वाची सत्ता श्रोत्याच्या मनापर्यंत, मतमोजणीच्या नियमापर्यंत नाहीं.

परंतु एवढ्यानें आमची सुटका होत नाहीं. "काय हृदयद्रावक मौन!" असें म्हणून आम्ही वर्गांत पुढचा धडा काढिला. ज्यांनीं शोकसंदेश धाडले व मत दिलें नाहीं, त्यांनींहि याहून निराळें काय केलें? या भाषणास सुंदर म्हणतांना आमची जीभ अडखळते, ती याचमुळें. त्या मुलांना आमच्या प्रशंसेची अपेक्षा नव्हती. त्यांना कायदा हवा होता. पुढल्या वर्षीं हें भाषण शिकवितांना आम्ही सिनेटच्या त्या ५४ मतांचा आंकडा आधीं फळ्यावर लिहिणार आहों.