सांगाडा, साज आणि संस्थानी मोटारखाना

१९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावरील सुमारे ६२० मैलांच्या चाचणीत, सह्याद्रीचे अवघड घाट चढूनउतरून, यंत्रात कसलाही बिघाड न होता जी रोल्स-रॉईस उत्तीर्ण झाली, ती 'पर्ल ऑफ द ईस्ट' ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी खरेदी केली. आणि ज्या दरबारात हत्ती, पालख्या व बग्ग्या यांचा सरंजाम पिढ्यान् पिढ्या नांदत आला होता, तेथे मोटारखाना हाही एक मानाचा कारखाना होऊन बसला. राजेरजवाड्यांच्या शौकाची कथा म्हणून ही हकिकत पुष्कळदा सांगितली जाते. परंतु त्या शौकाच्या आश्रयाने जी एक कला वाढली, तिची आजची अवस्था काय आहे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

त्या काळी रोल्स-रॉईससारखा कारखाना विकी तो केवळ इंजिन, चाके व लोखंडी सांगाडा. त्यावर साज चढविण्याचे काम बग्ग्या बांधणाऱ्या जुन्या घराण्यांकडे जाई, आणि ते कारागीर अ‍ॅश लाकडाची चौकट रचून तिच्यावर हाताने ठोकून घडविलेले पत्रे असे काही बेताने बसवीत, की यंत्र एकाचे व रूप दुसऱ्याचे असूनही गाडीत कोठे दुजाभाव दिसू नये. या कलेचा परमोत्कर्ष पाहावयाचा, तर शेजारच्या इंदूरकडे वळावे. यशवंतराव होळकरांनी ड्यूसेनबर्गचा अमेरिकन सांगाडा घेऊन त्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून जो साज चढवून घेतला, त्यात लांबलचक बॉनेट, मागे सरकलेली बैठक आणि उतरत्या रेषेने पुच्छाकडे निमुळते होत जाणारे अंग यांचा मेळ इतका निर्दोष आहे, की माणिकबाग प्रासादाचे आधुनिक शिल्प उभारून घेणाऱ्या त्याच रसिकाची ही निवड आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. पुढे संपूर्ण पोलादी, यंत्राने दाबून काढलेल्या बॉडीचे युग आले आणि ही घराणी एकामागून एक बंद पडली.

आपल्याकडे त्यानंतर घडले ते अधिक शोचनीय. २८ मे १९४८ रोजी संस्थाने विलीन होऊन मध्य भारत राज्य अस्तित्वात आले, १९७१ साली राजांचे तनखेही गेले, आणि मोटारखान्यांतील गाड्या कोठे लिलावात, कोठे परदेशी, तर कोठे गोदामातील धुळीत गेल्या. १९५० पूर्वीच्या मोटारींच्या निर्यातीवर सरकारने निर्बंध घातले, हे उचितच झाले. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांस नोंदणीपटावर 'व्हीए' ही अक्षरे देऊन सरकारदरबारी मान्यता दिली, हेही स्वागतार्ह होय, जरी वीस हजार रुपये नोंदणीशुल्क ही गरीब शौकिनास दिलेली ताकीदच वाटते!

परंतु कायद्याने जपलेली गाडी आणि जपलेली कला यांत अंतर आहे. जुन्या मोटारींच्या रॅलीत ज्या गाड्यांवर टाळ्या पडतात त्यांपैकी अनेकींचे पुनरुज्जीवन मला पुनर्जन्माहून मृत्यूच्या अधिक जवळचे वाटते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील गाडीचे दिवे क्रोमने लखलखत असले, तर जाणकाराने खुशाल मान फिरवावी. कारण क्रोमचा मुलामा रूढ झाला तो तिसऱ्या दशकाच्या अखेरीस, तोपर्यंत राज्य होते पितळेचे आणि किंचित पिवळसर, मऊ झळाळीच्या निकेलचे. रंगाचेही तेच. ब्रशने थरावर थर देऊन आठवड्यांनी तयार होणाऱ्या वॉर्निशाची खोली आजच्या फवाऱ्याच्या ओल्या चकाकीला येत नाही. मूळ कातड्याच्या भेगा हा दोष समजून ते फाडून टाकणारा मालक, पोथीचे जीर्ण पान काढून तेथे छापील पान चिकटविणाऱ्या वारसाच्याच पंक्तीचा.

दोष सर्वस्वी मालकांचा नव्हे. परीक्षक चकाकीला गुण देतात, फलकावर महाराजांचे नाव ठळक असते, बॉडी बांधणाऱ्याचे बहुधा नसतेच. आणि ज्या डेंटर मिस्त्रीच्या हातोडीत जुन्या पत्र्याची जाण असते, त्याचा मुलगा तो धंदा धरीत नाही. जेथे संस्थानी गाड्यांची ही गत, तेथे सामान्यांच्या गाडीला कोण विचारणार? कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले, आणि ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस तिची काळी-पिवळी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. तिच्या आटोपशीर इटालियन रेषांवर मराठीत एखादा चांगला निबंध लिहिला गेला असता, तर बरे झाले असते.

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातून जयविलास राजवाड्याच्या संग्रहालयात जाणारा मराठी माणूस चांदीची आगगाडी पाहतो, पुढूनच दार उघडणारी चिमुकली इसेटा मोटार पाहून हसतो आणि परततो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील ज्या जुन्या घरांत मोटारखान्याची बिले, कामगारांच्या हजेरीची पाने, गाड्यांसमोर काढलेली छायाचित्रे अद्याप पेटीत पडून असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी चित्रामागे साल, गाडीचे नाव आणि शेजारी उभ्या असलेल्या मिस्त्रीचे नाव लिहून ठेवावे, एवढी विनंती आहे.